सोमवारची मापं

आता त्या गोष्टीचा रागही येत नाही. थकलो बुवा. पण त्या पावसाळ्यात माझं सगळं सहा पट्ट्यांवर टांगलेलं होतं.

मी नागपूरला विद्यापीठात संशोधन करत होतो. रेडिओच्या पोटातलं तारांचं जंजाळ काढून त्याऐवजी पट्टीवर तांब्याच्या बारीक रेघा छापायच्या, हे तेव्हा नवंच होतं. आपल्या दमट हवेत त्या रेघा टिकतील का, एवढाच प्रश्न. म्हणून सरांनी मला धाडलं चांद्याच्या जंगलात, एटापल्लीला. ओल पाहिजे ना, घ्या म्हणावं पोटभर! विश्रामगृहाच्या पडवीत पट्ट्या टांगायच्या, दर सोमवारी मीटर लावून मापं घ्यायची, वाटलं तर एखादा लेप देऊन बघायचा, बाकी हात लावायचा नाही. मापं नीट आली तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाहीतर घरी.

विश्रामगृह झाडायला एक ढिवरीण येई. नवरा तळ्यात मासे धरी. पहिल्याच सोमवारी पट्ट्या काळ्या पडलेल्या पाहून माझं तोंड उतरलं. ती झाडू धरून बघत होती.

"काऊन भाऊ, बरं नाई वाटून राह्यलं का?"

"काही नाही बाई. तांबं काळं पडलं."

त्याच दिवशी पट्ट्या पुसून मी त्यांना लाखेचा पातळ लेप दिला. आणि काय सांगू, पुढच्या सोमवारी पट्ट्या लखलखीत! त्याच्या पुढच्याही. दहा सोमवार मापं जशीच्या तशी. सरांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, "शाबास. हा लेप तुमच्या नावानं छापू." ते पत्र मी उशाशी घेऊन झोपलो, सांगायला लाज कसली.

रविवारी मी बाजाराला जाई. एका रविवारी नाल्याला पूर आला, म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. पडवीत बाई पट्ट्या मांडीवर घेऊन बसलेली, बाजूला वाटीत चिंचेचा कोळ. एकेक रेघ हलक्या बोटानं घासत होती. माझा लेप पहिल्याच रविवारी घासून निघाला असणार.

"बाई, हे काय!" मी ओरडलोच.

"काळं पडलं का तुमचं तोंड पडते ना भाऊ. म्हून दर बाजाराले घासून ठेवलं."

असा संताप आला, की सहाही पट्ट्या नाल्यात भिरकावाव्या. मग तिची बोटं दिसली. चिंचेनं पार चिरली होती.

"छान झालं," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

लपवता आलं असतं. तिला तरी कुठं ठाऊक होतं, की यात लपवण्यासारखं काही आहे? सरांना खरं लिहिलं. चार ओळींना तीन दिवस लागले. उत्तर एका ओळीचं, सामान घेऊन परत या. शिष्यवृत्ती गेली ती गेलीच. पुढे चांद्याच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म गेला.

निघायच्या सकाळी मी पेटी बांधत होतो, तर बाई पट्ट्या पदरात घेऊन आली. उत्तर येईपर्यंत त्या पुन्हा काळवंडल्या होत्या, तिनं पुन्हा घासल्या होत्या.

"घ्या भाऊ," ती म्हणाली, "आता दाखवा तुमच्या सायबाले."