नागीण उतरल्यावर

चूक माझी होती आणि ती मी बायकोच्या माथी मारली.

तिच्या डाव्या बरगडीखाली फोड उठले, तेव्हा ती म्हणाली, "सकाळी डॉक्टरांकडे जाऊ." मी मात्र गावी आईला फोन लावला. आई म्हणाली, नागीण आहे, तोंड आणि शेपूट जुळायच्या आत उतरवून घे. आमच्या विदर्भात लहानपणापासून हेच ऐकलेलं. इंजिनिअर असूनही मी घाबरलो. नागिणीवर डॉक्टरकडे औषधच नसतं, असं ठासून सांगत तिला मांजरी गावाच्या पलीकडे एका म्हाताऱ्याकडे नेलं. त्याने मंत्र पुटपुटत गेरूचा लेप लावला.

"तुळशीवृंदावन झालंय माझं," परतताना रिक्षात ती म्हणाली. "आता घरी गेल्यावर प्रदक्षिणा घाला."

फोड सुकले, दुखणं राहिलं. पंख्याचा वारा लागला तरी ती कळवळायची. पदर घासला की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. शेवटी स्वारगेटजवळ अशाच दुखण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, कातडी भरली तरी आतली नस दुखावलेली राहते. पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर कदाचित इतका त्रास झाला नसता.

"एवढा उशीर का केलात?"

"हिनेच अंगावर काढलं," मी म्हणालो.

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. "गोळ्या जेवणाआधी की नंतर?" तिने विचारलं.

पुढचे महिने मी तिला बघत राहिलो. गोळ्यांचा डोस हळूहळू वाढवायचा होता. त्यांनी गुंगी यायची, म्हणून ती शाळेत खुर्चीवर बसून भूमिती शिकवू लागली. कातडी बधिर करणारी पट्टी दुखऱ्या जागेच्या मापाने कापायची असे. ती कापसाच्या बोळ्याने कडेकडेने चाचपून हद्द ठरवायची आणि वर्तमानपत्राच्या कागदावर आकार काढायची. आरसा माझ्या हातात. "अहो, हलवू नका. तुम्हाला नापास करीन."

आत ती माझा जुना, मऊ झालेला बनियन उलटा घाले, शिवण टोचू नये म्हणून. दवाखान्यात एक आजोबा शर्ट अंगापासून दूर धरून बसलेले दिसले, तेव्हा ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, बनियन उलटा घालून बघा."

"लोक हसतील हो."

"शर्टाच्या आत डोकावणाऱ्या लोकांना हसू द्या."

आजोबा खरोखर हसले. मी समोर बसून होतो. गेरूवाल्या म्हाताऱ्याकडच्या त्या फेरीबद्दल ती कुणाला काही बोलली नाही. आई फोनवर "उतरली ना नागीण?" विचारायची, तर म्हणायची, "उतरली हो, आई." तिने एकदा भांडण काढलं असतं, तर मला सोपं गेलं असतं.

गेल्या महिन्यात ती पहिल्यांदा पंख्याखाली शांत झोपली. त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "चिवट आहात हं. थोड्या कमी चिवट असतात, तर वेळेवर आला असतात."

ती नुसती हसली आणि पर्स उचलायला वाकली. मला गप्प बसवेना.

"डॉक्टर, ही दुसऱ्याच दिवशी सकाळी डॉक्टरांकडे जाणार होती," मी म्हणालो. "मी हिला गेरू लावायला नेलं. आणि पहिल्या दिवशी तुमच्यासमोर खोटं बोललो."

मग तिच्याकडे वळलो. "तुझं ऐकलं नाही, वर दोषही तुलाच दिला. चुकलो मी. मला माफ कर."