तिथीने सांगितलेला ताप

वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहायला आल्यापासून आम्ही मासळी घेतो ती एकाच मावशीकडून. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातून रिक्षा बदलत ती आमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी येते. तीन वर्षांपूर्वी ती सलग दोन महिने आली नाही. मग एका दुपारी पाटीशिवाय आली, हातात कागदांची पिशवी घेऊन, आणि पहिल्यांदाच माझ्या घरात खुर्चीवर बसली.

तिच्या नवऱ्याचं एका छोट्या खाजगी दवाखान्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. चौथ्या दिवशी त्याला घरी सोडलं. पोट फुगलेलं आहे, अंग तापलेलं आहे असं ती सोडतानाही तिथे सांगत राहिली, आणि ऑपरेशननंतर असं होतंच, हे उत्तर तिला मिळत राहिलं. दोन दिवसांनी त्याची शुद्ध हरपू लागली तेव्हा तिने त्याला मुंबईच्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे पोट पुन्हा उघडावं लागलं. आतड्याला बारीक भोक पडून आत पू साठला होता. माणूस वाचला, पण होडीवर जाण्याची ताकद उरली नाही.

पुतणे दवाखाना फोडायला निघाले होते. ही दारात उभी राहिली आणि तिने त्यांना परत पाठवलं.

मला ती म्हणाली, "बाय, काच फोडून काय कलनार? मना फकस्त काय झाला त्ये कलला पायजे."

मी शाळेत तीस वर्षं शिकवलं. पण माझे वडील एका ऑपरेशननंतर गेले, तेव्हा आमच्या घरातल्या पाच पदवीधरांपैकी एकानेही दवाखान्याकडे कागद मागितले नव्हते. मागता येतात हेच ठाऊक नव्हतं. म्हणून वसईच्या कोर्टात वकिली करणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला फोन केला. तिने सांगितलं, आरोप करायचा नाही, भांडायचं नाही, आधी पूर्ण केसपेपर लेखी अर्ज करून मागायचे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. अर्ज दिल्यापासून बहात्तर तासांत त्यांनी कागद द्यायला हवेत. आपल्याकडचा मूळ कागद कोणाला द्यायचा नाही.

अर्ज मी लिहिला, तिच्या नवऱ्याने अंगठा उठवला. दवाखान्यातल्या काउंटरवरच्या बाईंनी आधी शिक्का द्यायला नकार दिला, मग फाईल सापडत नाही म्हणाल्या, मग माणूस बरा झालाय ना, आता कशाला हवेत, असं विचारलं. मावशीने आवाज चढवला नाही. ती बाकावर बसली आणि शिक्का मिळाल्यावरच उठली. तीन दिवसांनी पुन्हा जाऊन बसली. संध्याकाळी झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन आम्ही बाहेर पडलो.

तो गठ्ठा आम्ही वसई गावातल्या एका निवृत्त सर्जनकडे नेला. इथल्याच ख्रिस्ती वाडीतले, वय ऐंशीच्या पुढे. ते म्हणाले, कागद मी नंतर बघतो, आधी तुम्ही सांगा.

मावशीने सांगायला सुरुवात केली. तारखा तिला येत नव्हत्या. समुद्रावर पोट असलेल्या घरात दिवस भरती-ओहोटीवर, म्हणजे तिथीवर मोजतात. अष्टमीला ऑपरेशन. नवमीला चहा प्यायला. दशमीला दिवेलागणीला अंग तापलं, नर्सने काचेची नळी लावली आणि काही न बोलता लिहून गेली. एकादशीला सकाळी पोट ताठ, दोनदा उलटी. द्वादशीला घरी सोडलं. कुठे अडखळली नाही, कुठे रडली नाही, डॉक्टरांविषयी वाईट शब्द बोलली नाही.

म्हाताऱ्या सर्जननी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. एकेका तिथीची तारीख बघत ते फाईलचं पान उलटायचे. डॉक्टरांच्या पानांवर रोज एकच ओळ होती, प्रकृती ठीक. पण शेवटी नर्सचा तापाचा तक्ता होता. दशमीच्या तारखेला, संध्याकाळी सात वाजता, एकशे दोन ताप. एकादशीच्या रकान्यात दोन उलट्या. त्यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघतच राहिले. न शिकलेल्या त्या बाईने जे दोन महिने डोक्यात जपलं होतं, ते कागदाशी अगदी तासापर्यंत जुळत होतं.

"आतड्याला इजा होणं ही दर वेळी चूक नसते," ते सावकाश म्हणाले. "चांगल्या सर्जनच्या हातूनही होतं. पण ताप लिहिलेला असून कुणी पाहिला नाही आणि घरी पाठवलं, ती चूक आहे."

मावशीने फक्त विचारलं, हे लिहून द्याल का. त्यांनी दिलं.

त्या मताच्या आधारे आम्ही राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. भरपाईसाठी ग्राहक आयोगाचाही रस्ता होता. तो तिने नको म्हटला. सुनावणीला वर्षाहून अधिक काळ लागला. ऑपरेशन केलेला डॉक्टर तरुण होता. त्याच्यापुढे तक्ता ठेवला, तेव्हा त्याचा वकील बोलू लागला, पण त्याने हाताने त्याला थांबवलं.

"हे पान मी पाहिलं नव्हतं," तो मावशीकडे बघून म्हणाला. "पाहायला हवं होतं."

मावशीने मान डोलावली, जणू एवढंच ऐकायला ती आली होती.

पुढे त्याला लेखी ताकीद मिळाल्याचं पत्र आलं. मी ते पाचूबंदरला जाऊन वाचून दाखवलं. नवरा ओट्यावर जाळं विणत होता. त्याने पत्र पुन्हा वाचायला सांगितलं. मावशी म्हणाली, आता त्यो पोरगा दर पेशंटचा ताप बघंल. आणि सुकत घातलेले बोंबील उलटायला उठून गेली.