पलीकडच्या टोकाला

रविवारी दुपारी जेवून पुंडलिक तायडे खाटेवर आडवा होतो, तेव्हा झोपायचं त्याच्या मनात नसतं. त्याला विचार करायचा असतो. उद्या सकाळी पुलाच्या कंपनीचे चौधरीसाहेब त्याच्याकडून हो किंवा नाही ऐकणार आहेत, आणि त्याच्यापाशी अजून दोन्हींपैकी एकही नाही.

सांगायला गोष्ट साधी आहे. भुसावळजवळ नदीवर लोखंडी पूल उभा राहतोय. क्रेन गर्डर वर उचलते, दोन टोकांना दोन माणसं बसलेली असतात, ती भोकाला भोक जुळवून बोल्ट आवळतात. आता कंपनीने एक यंत्र आणलंय. ते पालीसारखं खांबावर चढतं, बोल्टही आवळतं. भोकं जुळवणं मात्र त्याला जमत नाही. म्हणून पुंडलिकने तारा लावलेला हातमोजा घालून पावसाळ्यापर्यंत काम करायचं. यंत्र त्याचा हात शिकून घेईल. मग वर माणूस लागणार नाही. शरीफही लागणार नाही.

शरीफ तडवी म्हणजे लुकमानचा मुलगा, दोन लेकरांचा बाप. पुंडलिकच्या गर्डरच्या दुसऱ्या टोकाला हल्ली तोच बसतो. त्याच्या आधी तिथे लुकमान बसायचा, आणि तिथूनच एके दिवशी वाऱ्याच्या झोतात तो खाली गेला. हो म्हटलं तर शरीफची भाकरी जाते. नाही म्हटलं तर शरीफ उद्याही तिथेच चढतो.

पंखा फिरतोय. आत यमुना भांडी लावतेय. भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज येतो, मग तोच आवाज लांबून येतो, मग खालून, फार खालून. पुंडलिक कूस बदलतो आणि खाटेची पट्टी हाताला चटका देते. लाकूड असं तापत नाही.

तो गर्डरवर बसलाय. पाय मोकळे लोंबताहेत. खाली नदी आहे, आणि नदीच्या पाण्यावर यमुनेच्या साड्या वाळत घातल्यात. त्याचं त्याला काही नवल वाटत नाही. शेजारी लुकमान बसलाय. मांडीवर फडकं, फडक्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा. उलट्या हेल्मेटमध्ये कांदा.

"झोपला होता का रे भो?" लुकमान विचारतो.

"नाही. जरा पडलो होतो."

"पडलो मी. तू आडवा झाला होता." आणि तो आपल्याच बोलण्यावर खो खो हसतो.

पुंडलिकला हसू येत नाही. लागलं होतं का, फार दुखलं का, असं विचारावंसं वाटतं. पण तोंडातून निघतं, "जेवलास का?"

"जेवूनच राहिलो ना. वहिनीने आज मीठ हात आखडून टाकलंय, सांग तिला."

गर्डर आता एका घरातून जातोय. एका भिंतीतून आत, दुसरीतून बाहेर. चुलीसमोर पाठमोरी बसून शरीफची बायको भाकऱ्या थापतेय. तिच्या खांद्याच्या उंचीवर दोन माणसं लोंबत बसली आहेत, पण ती मान वर करत नाही.

"बूट काढ," लुकमान कुजबुजतो. "सुनेचं स्वयंपाकघर आहे."

दोघं बूट काढतात. बूट खाली पडतात, पण पडल्याचा आवाज येत नाही.

"लुकमान, उद्या साहेबाला काय सांगू?"

"मला काय विचारतो?"

"पोरगा तुझा आहे."

"पोरगा आहेच माझा. मीच नाही आहे."

"तू म्हणशील तसं करतो. खरंच."

"बरं आहे रे तुझं! होतो तेव्हा माझं एक ऐकलं नाही. आता मेल्यावर सगळं माझ्या डोक्यावर. मेलेला माणूस भांडायला येत नाही म्हणून का?"

पुंडलिक मान खाली घालतो. मग हळूच म्हणतो, "तेव्हा ते यंत्र असतं तर तू वाचला असतास."

लुकमानचा घास थांबतो. "वाचलो असतो," तो म्हणतो. "आणि घरी बसून काय केलं असतं, ते काही सुचत नाही बघ. वाचलो असतो मात्र."

घर मागे राहतं. वारा सुटतो. क्रेनचा आकडा डोक्यावर हलतोय, त्याला नवा गर्डर लटकलेला आहे आणि त्याचं टोक पुंडलिकच्या छातीशी येऊन थांबलंय. आता रीत अशी की आकडा सोडवण्याआधी पलीकडच्या माणसाला नावाने हाक मारायची. तिकडून "आहे!" आल्याशिवाय आकड्याला हात लावायचा नाही. उन्हाच्या तिरिपीत पलीकडचा माणूस दिसत नाही, आवाजच काय तो खरा.

"लुकमान!" पुंडलिक हाक मारतो.

उत्तर येत नाही.

"लुकमान! आहेस का रे?"

"मी इथे बसलोय," शेजारून लुकमान म्हणतो. "तिकडे कशाला ओरडून राहिला?"

पुंडलिक डोळ्यांवर हात धरून बघतो. पलीकडच्या खांबावर काहीतरी चिकटलंय, पालीसारखं. त्याला एक हात आहे. त्या हाताच्या शिरा, अंगठ्याजवळचा भाजल्याचा डाग, सगळं पुंडलिकच्या ओळखीचं आहे. तो आपला उजवा हात चाचपून बघतो. आहे.

"क्रेन किती वेळ धरून ठेवणार?" लुकमान म्हणतो. "भोक जुळलंय का बघ."

पुंडलिक कमरेला हात घालतो. भोकं जुळवायचा टोकदार शेपटीचा पाना तिथे नाही. "पाना नाही."

"मग बोट घाल."

भोकात बोट घालायचं नाही, हे कामावरच्या पहिल्याच दिवशी त्याला लुकमानने शिकवलं होतं. गर्डर केसभर हलला की बोट गेलं. लुकमानचं स्वतःचं डाव्या हाताचं एक बोट पेरापासून तसंच गेलेलं.

"तूच म्हणायचास की..."

"मी पुष्कळ म्हणायचो. घाल."

तो बोट घालतो. आत अंधार आहे, गारवा आहे. आणि पलीकडून त्याच्या बोटाच्या टोकाला काहीतरी लागतं. मऊ, कोमट. बोटच आहे.

"लुकमान, हे तुझं आहे का?"

पाठीमागे कांदा चावल्याचा आवाज येतो. "माझं कसं असेल? मी तर जेवतोय."

ते बोट त्याच्या बोटाला जरासं दाबतं.

"काका," लोखंडाच्या पलीकडून आवाज येतो. "मी आहे ना इथे. केव्हाचा आहे. मला हाकच मारली नाही तुम्ही."

आकडा कुरकुरतो. गर्डर हलायला लागतो.

"शरीफ! बोट काढ! शरीफ!"

पंखा फिरतोय. उशी घामाने भिजली आहे. दारात यमुना पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे.

"शरीफला कशाला एवढ्या हाका मारताय?"

पुंडलिक उजवा हात वर धरतो. तर्जनीच्या पहिल्या पेराभोवती एक पूर्ण गोल वळ उठलाय, निळा-तांबडा. एका बाजूला कातडी फाटून रक्ताचा थेंब आलाय. यमुना तांब्या ठेवते, त्याचा हात खिडकीपाशी नेऊन बघते. सगळा जन्म तिने या कामावरच्या माणसांचे हात पाहिले आहेत.

"अहो, भोकात बोट घातलंत तुम्ही?" ती म्हणते. आणि मग, "पण आज तर सुट्टी आहे."

तो उठतो, खुंटीवरचा सदरा काढतो.

"कुठे निघालात?"

"शरीफकडे."

"या उन्हात? काय सांगायचंय एवढं?"

"सांगायचं नाही काही. विचारायचंय."

सदऱ्याची बटणं लावताना ते बोट वाकत नाही. यमुना पुढे होते आणि खालून वर एकेक बटण लावून देते.