दादाची बसलेली विजार

दादा गेल्याचं पत्र माझ्या भाच्यानं लिहिलं होतं. दोन ओळींत आजार, एका ओळीत शेवट, आणि अगदी खाली, "आत्याबाई, बैठकीतल्या खुंटीवरच्या विजारीचं काय करायचं, ते तुम्हीच येऊन सांगा असं आई म्हणते." शाळेच्या ऑफिसात बसून मी ते वाचत होते. डोळे भरून आलेच होते, पण विजारीपाशी आले आणि हसू फुटलं. पाण्याचा पेला घेऊन आलेला कारकून घाबरून दारातच थांबला. त्याला काय सांगणार? माझा थोरला भाऊ गेला, आणि त्याची विजार खुंटीवर आहे…

वाशीमपासून दोन कोसांवर आमचं गाव. घर देशमुखी, म्हणजे रिवाज कडक. एकोणिसाव्या वर्षी मी कपाळ पुसून माहेरी परत आले, त्यानंतर दोन वर्षं दाराबाहेर पाऊल टाकलं नाही. अंगण, विहीर आणि वरचा आभाळाचा चौकोन, एवढंच माझं जग. मायचा जीव तुटायचा, पण लोकांच्या तोंडाला ती फार भ्यायची. मला कुठंही चाललं असतं, जवळच्या अनसिंगपर्यंत का होईना, पण बाहेर जायचं होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलून उपयोग नव्हता.

दादाला एकच नाद, रानात दोन दिवस मुक्काम ठोकायचा. कापसाच्या जिनाचा, म्हणजे कारखान्याचा, गोरा साहेब विलायतेला परत चालला, तेव्हा दादानं त्याची जुनी मोटारसायकल घेतली आणि तिच्यासोबत इंग्रजी मासिकांचा गठ्ठाही आला. मोटारसायकलवरून रानात जाताना काय घालावं, काय न्यावं, याची त्यात चित्रंच चित्रं. लोकरीचे गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्याला मफलर, पावसाळी कोट… सगळं तिकडच्या थंडीपावसाचं, आणि आमच्याकडे तर होळी होऊन गेलेली! दादानं तरी सगळं जमवलं. मफलर बांधून तो ओसरीवर घाम पुसत बसायचा. आधी तो धोतर नेसूनच गाडी चालवायचा, पण एकदा सोगा चेनीत गेला आणि शेलूबाजारच्या भर बाजारात कोट आणि लंगोट एवढ्यावर उतरायची पाळी आली. तेव्हा विजार शिवायचं ठरलं.

त्यानं मासिकातलं पान फाडून रिसोडच्या शिंप्याला नेऊन दिलं. चित्रातला साहेब गाडीवर बसलेला. शिंपी इमानदार माणूस. त्यानं तंबूच्या जाड कापडाची, चित्रात होती हुबेहूब तशीच, बसलेली विजार शिवली. कंबरेत मुडपलेली, गुडघ्यात वाकलेली. गाडीवर बसलं की अशी चापूनचोपून बसायची की वा! उभं राहिलं की मात्र मागून ओढ बसायची आणि दादा पडलेली सुई शोधत असल्यासारखा ओणवा व्हायचा. माय म्हणाली, "उसव थे अन् दुसरी शिव." दादा म्हणाला, "काहून? मोटारसायकल हे बसून चालवाचं यंत्र हाय. उभं कायले राहाचं?"

मग सामान. सरकीच्या गोण्या उसवून दाभणानं मी दोन पिशव्या शिवल्या, गाडीच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या. त्यांत तवा, चिमटा, पातेली, कुऱ्हाड, कंदील, लोणच्याची बरणी, आरसा, दोन छत्र्या आणि जेवायला बसायचा लाकडी पाट. वर वळकटी. दोन दिवसांच्या मुक्कामाला एवढं बिऱ्हाड! पहिल्या सफरीला गाडी अंगणात फुरफुरली, दोन हात गेली आणि वळकटी धपकन खाली. बांधली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा बरणीही गडगडली, तेव्हा मायचा संयम संपला.

"कमळीले बसव मांगं," ती ओरडली. "सामान तरी धरीन!"

"हिले?" दादा कुरकुरला. "जागा कोठी हाय, माय?"

"मी सांगून राह्यली ना? बसव!"

वळकटी छातीशी धरून, लुगड्याचा कासोटा घट्ट खोचून मी मागं बसले. वेस ओलांडली तेव्हा वारा तोंडावर आला… मला रडू येत होतं, ते वळकटीत जिरलं.

अनसिंगच्या पुढं एका ओढ्याकाठी उतरलो. माझा कासोटा रानाला सोयीचा निघाला. लाकडं मी आणली, तीन दगड मी मांडले, भाकरी मी थापली. दादा सोबत ओणवा फिरत होता. गुरं चारणारा एक म्हातारा हे बराच वेळ बघत होता.

"मालक, कंबर धरली काय?"

शिंप्याची चूक कबूल करण्यापेक्षा दादानं होकार देणं पसंत केलं. मग काय! म्हाताऱ्यानं त्याला पालथं पाडलं, निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून कंबरेला बांधला आणि वरून बुक्क्यांनी रगडलं. दादा "अगाई गं!" करत होता, पण विजारीबद्दल चकार शब्द काढत नव्हता. मी पिशव्यांमागं तोंड लपवून हसले. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

नंतर अशा सहा-सात सफरी झाल्या. सामान कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं. शेवटची सफर अमरावतीला, बायकांच्या ट्रेनिंग शाळेच्या फाटकाशी थांबली. मला तिथं नाव घालून दादा एकटा परतला आणि मायला म्हणाला, "सामान उतरवून आलो." महिनाभर घरात कुणी त्याच्याशी बोललं नाही. मी मास्तरीण झाले, पुढं हेडबाई झाले, आणि दादाच्या त्या पाटाची, बरणीची गंमत सांगून अनेक वर्गांना हसवलं. भेटलो की त्यालाही चिडवायची. तो नुसता मिशीत हसायचा. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा गाडी गोठ्यात गेली आणि विजार खुंटीवर.

परवा गावी गेले तेव्हा वहिनीसमोर मी पुन्हा तेच काढलं. म्हटलं, "एवढं सामान घेऊन रानात जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

वहिनी म्हणाली, "बाई, तुमी गेल्यावर थे एकले जात ना, तवा एक घोंगडी अन् एक लोटा नेत. बस."

"आणि तो पाट? बरणी?"

"थे तुमच्यासाठीच होतं. सामान पडल्याबिगर मायनं तुमाले पाठवलं असतं काय? त्या दिवशी मी दारामांगं उभी होती. दोरी सुटली नव्हती, बाई. त्याइनं हातानं सोडली."

सतरा वर्षं मी ज्याला हसले, तो मनातल्या मनात मलाच हसत असणार. मला एकदा तरी त्याच्या पाया पडायला हवं होतं. राहून गेलं.

विजार कुणाला देऊ नका, असं मी वहिनीला सांगून आले. उभ्या माणसाच्या ती कामाची नाही. कापड अजून तसंच ताठ आहे. बैठकीतल्या त्या खुंटीवर ती गुडघे वाकवून बसली आहे, मागची जागा मोकळी ठेवून.