सारिकाच्या एका फोटोसाठी अजिंठा ते कन्नड

सारिकानं लग्नाचा अल्बम माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "दादा, ही गोरी बाई कोण?" सारिका माझी मावसबहीण, कन्नडला दिलेली. मी संभाजीनगरात लग्नाचे फोटो काढतो, आणि आमच्या धंद्यात नवरीचा चेहरा कॉम्प्युटरवर जरा उजळ करणं ठरलेलंच. कुणी सांगावंही लागत नाही. मला वाटलं होतं, पोरगी खूश होईल. ती दोन महिने माझ्याशी बोलली नाही. शेवटी मावशीनं मध्ये पडून एक संधी मिळवून दिली: रविवारी घरी यायचं, एकच फोटो काढायचा. तोही तसलाच निघाला तर भाऊबीजेला येऊ नको, हा सारिकाचा निरोप.

आमच्या गल्लीत रफिकभाई दुकानांच्या पाट्या रंगवतात आणि हौसेनं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नि म्हणाले, "शनिवारी माझ्यासोबत अजिंठ्याला चल. मग जा बहिणीकडं."

सकाळी सहाला बाइक काढली. सिल्लोडला पोहे खाल्ले. पुढं फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून लेण्यांपर्यंत तिथल्याच बसनं जावं लागतं. जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आणि लवकर पोचा, नाहीतर सहलीच्या पोरांची डोकीच बघून यावं लागतं.

सतरा नंबरच्या लेण्यात शिरलो तर मला काहीच दिसेना. फ्लॅशला बंदी. सवयीनं कॅमेऱ्याची सेटिंग वाढवायला लागलो, तर रफिकभाईंनी लेन्सवर हात ठेवला.

"ठहर. आधी डोळ्याला सवय होऊ दे."

उभे राहिलो. पाय दुखायला लागले. मग हळूहळू भिंतीतून ती वर आली: हातात आरसा धरलेली राणी, चांगली सावळी, अंगावर मोत्यांच्या माळा. काय तिचा तोरा! दासी आजूबाजूला, पण नजर हिच्यावरून हलत नाही.

"हिला गोरं करायला चित्रकाराकडं पांढरा रंग नव्हता का?" रफिकभाई हळूच म्हणाले. "व्हता की. कुठं लावलाय बघ. नाकाच्या दांडीवर, खालच्या ओठावर, हनुवटीवर जरासा. बाकी सगळं राहू दिलं. तू काय करतो, सगळ्या तोंडाला चुना फासतो."

मला लई लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त आनंद झाला. बारा वर्षं मी उजेड वाढवतच आलो होतो. तो कुठं ठेवायचा, हे कधी बघितलंच नव्हतं.

फर्दापूरला शेवभाजी-भाकरी हाणली. तिखट सांभाळून मागा. रफिकभाई एसटीनं घरी गेले, मी सिल्लोडला मुक्काम केला आणि सकाळी पिशोरमार्गे कन्नडला पोचलो. रस्ता मधेमधे खराब आहे, पण दोन्ही बाजूला मका नि कपाशी, डोळे निवतात.

सारिकानं दार उघडलं, पाणी पुढं ठेवलं. मी फ्लॅश बॅगेतून काढलाच नाही. घरातले दिवे बंद केले, एकच दार अर्धं उघडं ठेवलं आणि तिला त्याच्या बाजूला बसवलं.

"अंधारात काढतो का आता?" ती म्हणाली.

"पाच मिनिटं बस नुसती."

दाराचा उजेड तिच्या नाकावर, ओठावर आला. बाकी चेहरा जसा आहे तसा, गडद, भरलेला. एकदाच बटण दाबलं. तिनं कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो बघितला. बराच वेळ बघितलं.

"ही मी आहे," म्हणाली. मग आत वळून सासूला, "आई, दादा जेवूनच जाईल."

घरी येऊन आठवडा झाला. पेट्रोल, लॉज, जेवणखाण धरून दोन हजारांत झालेली ही ट्रिप, पण मन अजून तिथंच आहे. सारिका भांडली म्हणून मला कळलं. किती जणींनी माझा अल्बम मुकाट्यानं कपाटात ठेवून दिला असेल, कुणास ठाऊक.

काल एक काकू लेकीला घेऊन स्टुडिओत आल्या. "तेवढं उजळ करून देताल ना?" लेक खाली मान घालून बसलेली.

"तिला विचारू की," मी म्हणालो.

पोरीनं मान वर केली. आधी आईकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आहे तशीच काढा," ती म्हणाली.