तारकाचे झगे

थोरली जाऊ टीव्हीवर आली की धाकटीच्या इस्त्रीखालून वाफ जरा जास्तच निघायची.

त्यांच्या रस्त्याच्या टोकाला, उंच भिंतीआड, वीस वर्षांपूर्वी एक पंथ होता. पंथाचा म्होरक्या स्वतःला तारक म्हणवायचा. त्याने लोकांना असं काही तारलं, की शेवटी पोलिसांना बाग खणून अकरा प्रेतं वर काढावी लागली. तेव्हापासून दर चार-पाच वर्षांनी कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन हजर. तीन माहितीपट झाले, एक सिनेमा झाला. आणि तिन्ही माहितीपटांत, मागे झाडाची कुंडी ठेवून, खुर्चीत कोण? तर थोरली.

"मला ना... तेव्हाच... काहीतरी... खटकलं होतं."

वाक्य एवढंच. पण आधी खिडकीबाहेर नजर, मग उसासा, मग चष्मा काढून मांडीवर. ते वाक्य संपेपर्यंत धाकटीच्या दोन शर्टांच्या कॉलरी व्हायच्या. आणि तारकाशी थोरलीचा संबंध काय म्हणाल, तर त्याने एकदा तिच्या गॅलरीकडे बघून हात हलवला होता. तोही बहुधा कावळा हाकलायला.

धाकटीचं थोरलीच्याच घराखाली धुलाईचं दुकान. सहा वर्षं तारकाचे पांढरे झगे तिने धुतले, कडक इस्त्री केली, गळ्याच्या आत खुणेचा जांभळा दोरा घातला. पण कॅमेरावाले आले की जिना उतरून थोरली आधी पुढे. "धाकटी होय? तिला काय कळतंय, ती बिचारी दिवसभर कपड्यांत!"

"अहो, झगे धुतले मी आणि खटकलं हिला!" धाकटी नवऱ्यापुढे तणतणायची.

"मग तुलाही खटकून घ्यायचं होतं," पेपरामागून उत्तर यायचं.

चौथ्या माहितीपटाची माणसं आली त्या सकाळी थोरली केस रंगवायला गेली होती. दिग्दर्शन करणारी पोरगी रस्त्यात चहा सांडून घेऊन थेट दुकानात शिरली. "मावशी, हा डाग जाईल?"

"जाईल म्हणजे? तारकाच्या झग्यांचे घालवले, तुझी बाही ती काय!"

पोरगी चहा विसरली, बाही विसरली. धाकटीने मात्र डाग काढूनच दिला. मग भर अकरा वाजता इस्त्री बंद केली. असं तिने लग्नानंतर पहिल्यांदाच केलं होतं.

थोरली काळेभोर केस घेऊन परतली, तर दुकानात दिवे लागलेले, आणि खुर्चीत धाकटी!

"अहो, तिला नीट सांगता यायचं नाही. मीच..."

"तुम्ही बसा, जाऊबाई," धाकटी गोड आवाजात म्हणाली आणि गिऱ्हाइकांच्या बाकाकडे बोट केलं. वीस वर्षं तिने ते बोट राखून ठेवलं होतं.

आणि मग ती सुटली. तारकाचा उजवा खांदा पडका, म्हणून घडी कशी तिरकी घालावी लागे. स्टार्च कमी पडला की तो कसा झगा परत पाठवे. थोरली बाकावर एकेका वाक्याला आंबट होत होती. धाकटीला ते दिसत होतं, म्हणून ती आणखी फुलत होती.

"आणि डाग, मावशी?"

"डाग कसले नव्हते ते विचार! मेण लागलं की कागद ठेवून इस्त्री. चिखल वाळू द्यायचा, मग झटकायचा. शेवटच्या वर्षी बाह्यांना रक्त. त्याला गरम पाणी चुकूनसुद्धा नाही, पक्कं बसतं. गार पाणी, मीठ, हलका हात. एक डाग राहू दिला नाही मी, एक!"



पोरगीने हळूच विचारलं, "रक्ताचे किती झगे होते, मावशी?"

धाकटीची बोटं सवयीने मोजू लागली. सातावर आली आणि तिने मूठ मिटली.

"तुम्ही कुणाला विचारलं नाहीत, कशाचं रक्त?"

"गिऱ्हाइकाला डाग कशाचा ते विचारायचं नसतं," धाकटी म्हणाली. धंद्यातलं हे वाक्य तिने हजारदा म्हटलं होतं. आज ते तिलाच परक्यासारखं ऐकू आलं. "डाग काढायचा असतो."

तिने बाकाकडे पाहिलं. तिथे थोरली बसली होती. जिने जन्मात फक्त एक हलणारा हात पाहिला होता, ती. खुर्चीचा हेवा ज्यापुढे काहीच नव्हे, असा हेवा धाकटीला वाटला.

"मावशी, कॅमेरा चालू आहे."

"जाऊबाई," धाकटीने गळ्याजवळचा माइक चाचपला, पण तो तिला काढता येईना. "या ना इकडे. तुम्हाला तेव्हाच खटकलं होतं ना? तेवढं सांगा."

थोरलीने चष्मा काढला, तोंड उघडलं, धाकटीकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.