बोडी आणि बॉडी

लाखनीला माझी राईस मिल आहे. सरकारच्या औद्योगिक धोरणावर व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकायला मुंबईहून एक साहेब आले, तेव्हा आम्ही काही मिलवाले भंडाऱ्याला बैठकीला गेलो. बाकीचे विजेची सवलत मागत होते. मी म्हटलं, "साहेब, आमची सवलत राहू द्या. आधी बोडीले पैसा द्या. बोडी राहिली त धान राहील, अन् धान राहिला त आमच्या मिली."

बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगाला असलेलं छोटं तळं. आमच्याकडचा धान तिच्या पाण्यावर पिकतो, आणि बोड्या गाळानं बुजत चालल्या आहेत.

साहेबांनी मान डोलावली. शेवटी माइकवर म्हणाले, "बॉडीची सूचना चांगली आहे. लवकरच स्थापन करू." टाळ्या पडल्या. मी समजवायला उठलो, तर शेजारचा मिलवाला म्हणाला, "बस ना भाऊ, कायले बोलून राहिला? नाश्ता आला."

बॉडी स्थापन झाली. तिची पहिली बैठक विजेच्या सवलतीवर झाली. माझ्या मिलमागच्या बोडीत आता पाणी नाही, नुसती बेशरमाची झुडपं माजली आहेत. आणि मी बॉडीचा सदस्य आहे.